मोकळी सोडलेली गाडी

मधल्याला गाडीतलं सगळं कळतं, असं त्याच्या घरात मानलं जायचं. मानणारे मुख्यतः तिघे होते: त्याचा थोरला भाऊ, त्याचा धाकटा भाऊ आणि तो स्वतः. तिघांनाही गाडी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी शिकवली होती. नानांना कोणी शिकवली, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. नाना जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांची मतं अजून ठणठणीत होती. टायरमध्ये हवा थोडी कमीच ठेवावी. काच पाण्याने धुऊ नये, वर्तमानपत्राने पुसावी. आणि उतार आला की गाडी मोकळी सोडावी.

मधल्याच्या बायकोला या मतांबद्दल काय वाटतं, हे सत्तावीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि सासरी तिला 'सुईवाली' म्हणत, तिच्या तोंडावरही. तिला नवऱ्याचा राग येत नसे. राग पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपला होता, आता उरली होती ती निव्वळ तुच्छता. मधला जेवताना बातम्या ऐकत देशाचा कारभार सुधारायला लागला की ती त्याच्या ताटात निमूटपणे भाजी वाढायची आणि मनात म्हणायची, यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

गाडी मुळात तिच्या भावाची. भावाचं औषधांचं दुकान होतं, आणि सुईवालीच्या मुलीमुळे सगळं घर त्याला मामाच म्हणायचं. मामा अतिशय व्यवस्थित माणूस. औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून लावून त्याला चिठ्ठ्यांची सवयच जडली होती. गाडीतही त्याने जागोजागी बारीक अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या होत्या: हवा किती भरायची, तेल कधी बदललं, मागचा डावा दरवाजा जरा जोरात लावावा. आई-वडील गेल्यापासून सुईवालीला माहेर म्हणून हा एवढा एकच माणूस उरला होता. दर रविवारी सकाळी तो यायचा, ओट्यापाशी स्टूल ओढून बसायचा आणि ती स्वयंपाक करत असताना तिच्याशी तास-दीड तास बोलायचा. त्या बोलण्यात महत्त्वाचं काहीच नसायचं. पण आठवड्यात तेवढाच वेळ तिला कोणी सुईवाली म्हणत नसे.

मामाने दुकानासाठी मोठी गाडी घेतली, तेव्हा छोटी विकायची ठरली. सात वर्षं वापरलेली, चंदेरी रंगाची, स्वतःच गिअर बदलणारी. बाहेर गिऱ्हाईक तयार होतं, पण मामाने आधी बहिणीला विचारलं. मधला गाडी बघायला गेला. बॉनेट उघडून त्याने तीन-चार नळ्या हलवल्या, टायरला लाथ मारून पाहिली, शेवटी वर्तमानपत्र पसरून गाडीखाली आडवाही झाला. चष्मा गाडीच्या टपावर राहिला होता, त्यामुळे खाली त्याला नक्की काय दिसलं कोण जाणे. तरी बाहेर येऊन कपडे झटकत तो म्हणाला, "ठीक आहे, चालवून घेऊ." जणू गाडी घेऊन तो मामावर उपकारच करत होता.

मधल्याचं घर टेकडीच्या माथ्यावर आणि ऑफिस पायथ्याशी. तो शाळांना बाकं पुरवणाऱ्या कंपनीत भांडारप्रमुख होता. सकाळी बायकोला इस्पितळात सोडून तो पुढे जायचा. वर पाण्याची टाकी लागली की तिथून खाली साडेतीन किलोमीटर सलग उतार होता. टाकी आली की मधला गिअरचा दांडा एक घर पुढे ढकलायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "सोडली." इंजिनाचा आवाज एकदम बसायचा आणि गाडी आपली आपण घरंगळत निघायची. मधला मांडीवर हात ठेवून बसायचा. खाली सपाटी आली की दांडा मागे ओढायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि म्हणायचा, "धरली." गाडीला एक हिसका बसायचा. सुईवालीची मान रोज त्या हिसक्याने पुढे जायची. "बघ, कशी खेचते," मधला म्हणायचा. नाना असंच करत. थोरला असंच करतो. घरच्या बैठकीत तिघे भाऊ जमले की कोणी कुठून कुठपर्यंत गाडी मोकळी सोडली, यावर त्यांच्या तासन्‌तास गप्पा रंगत.

सुईवालीला गाडी येत नव्हती. लग्नानंतर मधल्याने तिला दोन दिवस शिकवली होती आणि तिसऱ्या दिवशी तिला उपजत अंग नाही असं जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळे त्या दांड्याने आत काय होतं, याची तिला काहीच कल्पना नव्हती. तिला वाटायचं, सोडली म्हणजे काहीतरी सोडलं असेल.

सहाव्या महिन्यात गाडी कुरकुरायला लागली. सकाळी दांडा ओढला तरी ती जागची हलायला थोडा वेळ घ्यायची. मग चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि वेग काही वाढायचा नाही. मग काहीतरी जळल्याचा वास यायला लागला. मधल्याने निदान केलं की पेट्रोल भेसळीचं आहे. मग हवा दमट आहे. आठव्या महिन्यात, संध्याकाळी दोघे घरी परतताना चढाच्या ऐन मध्यावर गाडीने मान टाकली. इंजिन चालू, दांडा जागेवर, मधला ॲक्सिलरेटर दाबतोय, आणि गाडी हळूहळू मागे चाललीय. मागच्या बसवाल्याने भोंगा वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. शेवटी चार अनोळखी लोकांनी ढकलून गाडी कडेला लावली. त्यांच्यापैकी एकाने विचारलं, "गिअरबॉक्स गेला वाटतं?" कपाळाचा घाम पुसत मधला बायकोकडे वळून म्हणाला, "तुझ्या भावाने सडकी गाडी माझ्या गळ्यात मारली."

हे एवढ्यावर थांबलं असतं तर तिने सोडून दिलं असतं. नवऱ्याची वाक्यं सोडून देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मधल्याने त्याच दिवशी दोन्ही भावांना फोन केले, मग चुलत्यांना, मग ऑफिसात. आठवड्याभरात साऱ्या गोतावळ्याला माहीत झालं की औषधवाल्या मेव्हण्याने गिअरबॉक्स जाणार हे माहीत असून गाडी बहिणीच्या घरात ढकलली. थोरल्याचा फोन आला. "मला पहिल्यापासून तो माणूस जरा जास्तच गोड वाटायचा," थोरला म्हणाला. या थोरल्याने मागच्या वर्षी मामाच्या दुकानातून तीन महिन्यांची औषधं घरपोच मागवून घेतली होती. सुईवाली शेजारीच उभी राहून कपडे घडी करत होती. तिने एक शर्ट तीनदा घडी केला.

मामाशी बोलताना मधला इतकी वर्षं 'तू' म्हणायचा. आता तो 'तुम्ही' म्हणू लागला. 'तुम्ही'त माणसाला किती खाली ढकलता येतं, हे तिला तेव्हा कळलं. "तुम्ही शनिवारी अकरा वाजता गॅरेजला या," त्याने फोनवर बजावलं. "मिस्त्री गिअरबॉक्स उघडून ठेवणार आहे. त्याच्या तोंडूनच ऐका. पैसे नकोत मला. फक्त लेखी कबूल करा." आणि खरोखरच त्याने ऑफिसच्या संगणकावर एक पत्र तयार केलं. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की, सदर वाहनाच्या गिअरबॉक्समधील दोषाची मला पूर्वकल्पना होती व ती मी लपवून ठेवली.' हे पत्र भावांना पाठवायचं होतं. भांडारप्रमुख म्हणून मोडक्या बाकांच्या पावत्या लिहून लिहून त्याची भाषा अशी झाली होती.

त्या रविवारी मामा आला नाही. सुईवालीने दोन माणसांचा चहा टाकला आणि एका माणसाचा ओतून दिला. दुपारी तिने स्वतः फोन केला.

"ताई, मला खरंच काही माहीत नव्हतं गं," मामा म्हणाला.

"मला माहितेय."

"सही करतो मी हवी तर. तुझ्या घरात रोज तोच विषय नको. पण एकदा सही केली ना, की तुझ्या दारात मला परत यायला तोंड राहणार नाही. ते तू समजून घे."

फोन ठेवल्यावर ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली. आपण पन्नाशीला आलेली बाई असून अजून नळ सोडून रडतो, याची तिला स्वतःचीच किळस आली.

शनिवारी मधल्याने आणखी एक कमाल केली. त्याची गाडी गॅरेजमध्ये होती आणि गॅरेज लांब. तेव्हा त्याने मामालाच घ्यायला बोलावलं. ज्याला लबाड ठरवायचं त्याच्याच गाडीत, पुढच्या सीटवर, पट्टा लावून, खिशात कबुलीजबाब घेऊन मधला बसला. वर त्याला सांगत होता, "जरा एसी कमी करा." मागे सुईवाली आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ब्याऐंशी. त्यांच्या कानाच्या यंत्राचं दुकान गॅरेजच्या शेजारीच होतं, म्हणून त्याही निघाल्या होत्या. या बाईने घरात कधी कोणाची बाजू घेतल्याचं सुनेने पाहिलं नव्हतं. नाना असताना त्या नानांकडे बघून मान हलवायच्या, नाना गेल्यावर नुसत्याच हलवायच्या. सुनेच्या मते त्या घरातल्या कपाटासारख्या होत्या, हलवलं नाही तर अडचण नाही. यंत्र नीट करून झालं आणि सगळे गॅरेजमध्ये आले.

मिस्त्री फक्त गिअरबॉक्सचंच काम करायचा. वाळका, चष्म्याला दोरी लावलेला, बोलण्याआधी हात साबणाने धुणारा माणूस. आत चंदेरी गाडी खांबांवर उचलून धरलेली होती आणि तिच्या पोटाखालचा भाग रिकामा होता. लाकडी टेबलावर, पत्र्याच्या परातीत, तिचे अवयव ओळीने मांडले होते. सासूबाईंना बसायला त्याने कुठल्याशा जुन्या गाडीची काढून ठेवलेली सीट दिली.

मिस्त्रीने काचेच्या दोन बाटल्या पुढे ठेवल्या. "हे नवं तेल. लाल असतं. आणि हे तुमच्या गाडीतलं."

दुसऱ्या बाटलीतलं तेल डांबरासारखं काळं होतं. सुईवालीने न विचारताच बाटली उचलून उजेडात तिरकी केली आणि तळाशी बसलेला बारीक गाळ पाहिला. नमुना बघायची तिची ती सवय होती. मिस्त्रीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पुढचं तिलाच सांगायला लागला. परातीतून त्याने एक पातळ गोल चकती उचलली. "ही क्लचची प्लेट. यावर अस्तर असतं. बघा, उरलेलंच नाही. जुनी गाडी असली की हे हळूहळू झिजतं, पण झिजलं तर सगळीकडे सारखं झिजतं. हे झिजलेलं नाही, हे जळलंय. आणि सात वर्षांत नाही, फार तर सात-आठ महिन्यांत."

"म्हणजे मला दिली तेव्हाच जळायला लागलेली होती," मधला म्हणाला.

"ते मी नाही म्हटलं." मिस्त्रीने चकती परत जागेवर ठेवली. "असं कधी होतं सांगतो. गाडी वेगात असताना कोणी ती न्यूट्रल करून पळवली आणि मग तशीच वेगात परत गिअरमध्ये टाकली, तर होतं. चाकं एका वेगात फिरत असतात, इंजिन बसलेलं असतं. दोघांना एकदम जोडलं की मधल्यामध्ये या प्लेटी घासून जळतात. एकदा-दोनदा केलं तर काही नाही. रोज केलं तर गिअरबॉक्स टिकत नाही. कोणी न्यूट्रलमध्ये गाडी चालवायचं का?"

"न्यूट्रलमध्ये?" मधला हसला. "अहो, बत्तीस वर्षं गाडी चालवतोय मी. न्यूट्रलमध्ये गाडी चालवायला मी काय वेडा आहे? न्यूट्रलमध्ये गाडी चालते तरी का?"

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मिस्त्रीने खांदे उडवले आणि मामाकडे पाहिलं. मामाने चष्मा काढून पुसला. "मी तर सपाटीवर राहतो," तो म्हणाला, "पण कदाचित कधी सिग्नलला केली असेल. आठवत नाही मला." खरं बोलणाऱ्या माणसाची हीच अडचण, तो आठवायला लागतो. मधल्याला तेवढं पुरेसं होतं. त्याने खिशातून पत्र काढलं, परातीशेजारी पसरलं आणि पेनाचं टोपण काढून पेन मामाच्या हातात दिलं.

सुईवाली नवऱ्याकडे बघत होती. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो डावा कान खाजवायचा, आणि आता हात खाली होते. तो अगदी मनापासून बोलत होता. असं मनापासून चुकीचं बोलणारी माणसं ती रोज सकाळी सात वाजल्यापासून बघत होती. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी. काही खाल्लं का? नाही. नक्की? अगदी शपथेवर. मग साखर एवढी कशी? पहिल्या वर्षी तिने असे कितीतरी नमुने वाया घालवले होते. मग तिला कळलं की प्रश्नच चुकीचा आहे. खाल्लं का, असं विचारायचंच नाही. चहा घेतला का, असं विचारायचं. लगेच उत्तर येतं, हो, चहा घेतला की, पण तो काय खाण्यात धरायचा.

मामाने पत्रातल्या ओळींखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली होती. सहीची जागा फक्त चार ओळी खाली होती.

"अहो," ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीपाशी तुम्ही काय करता?"

"काय करतो?" मधला वैतागला. "मध्येच काय तुझं?"

"सकाळी टाकी आली की काय करता? मिस्त्रींना सांगा ना. त्यांना पण कळू दे."

या 'त्यांना पण कळू दे'ने मधला फसला. कोणाला काही शिकवायची संधी त्याने आयुष्यात सोडली नव्हती. "गाडी मोकळी सोडतो," तो मिस्त्रीला म्हणाला. "आमच्या वडिलांची पद्धत. साडेतीन किलोमीटर उतार आहे. उगाच पेट्रोल का जाळा? टाकीपासून सोडली की खालच्या चौकापर्यंत जाते, ॲक्सिलरेटरला पायसुद्धा लावत नाही मी."

"मोकळी सोडता म्हणजे काय करता?" मिस्त्रीने विचारलं.

"म्हणजे काय, सोडतो." मधल्याने हवेतल्या हवेत दांडा धरला आणि एक घर पुढे ढकलला. "अशी. आणि खाली आलं की," त्याने हात मागे ओढला, "धरतो."

मिस्त्री त्या हाताकडे बघत राहिला. त्याला वाटलं माणूस थट्टा करतोय. मग त्याला कळलं की करत नाहीये, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते सुईवालीला फार ओळखीचं होतं. ती ते रोज आरशात बघायची.

"साहेब, यालाच न्यूट्रल म्हणतात," मिस्त्री म्हणाला. "रोज करायचात?"

"रोज," सुईवाली म्हणाली. "रविवार सोडून."

मामाने पेनाला टोपण लावलं. खरं तर त्याने तिथे मधल्याच्या तोंडावर ते पत्र फेकायला हवं होतं, निदान थोडंसं हसायला तरी. पण मामा कुठला तसं करतो. "माझंच चुकलं, भाऊजी," तो म्हणाला. "एवढ्या चिठ्ठ्या लावल्या, ही एक लावायला हवी होती. पण असं कोणी करेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." तो हे अगदी सरळ मनाने बोलला, टोमणा म्हणून नाही, आणि तरी मिस्त्रीला तोंड फिरवून खोकावं लागलं. बहिणीला त्याक्षणी भावाचाही संताप आला. एखाद्याने किती चांगलं असावं याला काही सुमार असतो.

"पण ते न्यूट्रल नव्हे," मधला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "न्यूट्रल म्हणजे गाडी उभी असताना. हे वेगळं आहे. हे नाना चाळीस वर्षं करत होते. थांबा." त्याने फोन काढून थोरल्याला लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. घरचं सर्वोच्च न्यायालय उघडलं. मधल्याने प्रकरण थोडक्यात मांडलं, आपल्या बाजूने.

"मोकळी सोडल्याने गाडी जाते?" थोरल्याचा आवाज पत्र्याच्या छपराखाली घुमला. "कोण म्हणतो? तो मिस्त्री? अरे, मेव्हण्याने त्याला आधीच भेटून ठेवलं असणार. तुला अजून माणसं कळत नाहीत."

मिस्त्रीने हातातलं फडकं खाली ठेवलं. मामा जमिनीकडे बघत होता. सुईवाली नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, कारण आता जे काही व्हायचं ते तिथेच होणार होतं. तिला वाटलं, निदान एवढं तरी. ज्याच्या गाडीत बसून आलास, त्याच्यासाठी निदान एवढं तरी बोलशील.

मधल्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. बुडत्याला जमीन लागावी तसा तो दिसला. "तसंही असेल," तो म्हणाला.

तिला हसू आलं. सत्तावीस वर्षं ज्याला आपण तुच्छ मानत आलो, तो आपल्या समजुतीपेक्षाही स्वस्त निघाला, आणि तरी आपण त्याच्याकडून अजून काहीतरी अपेक्षा धरून होतो. हे त्या 'तसंही असेल'पेक्षा जास्त लागलं.

"फोन इकडे दे," मागून आवाज आला.

सासूबाईंचा होता. त्या इतक्या क्वचित बोलायच्या की मधल्याने आधी मिस्त्रीकडेच पाहिलं. मग त्याने फोन आईच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला नाही, ताटासारखा मांडीवर धरला.

"थोरल्या, तुला लाल गाडी आठवते का? तू सहा वर्षांचा होतास."

"आई? आता ती लाल गाडी कुठून आली मध्येच?"

"घाटात तुझ्या नानांनी ती मोकळी सोडली होती. मी शेजारी होते, हा माझ्या मांडीवर. खाली येईपर्यंत ब्रेक दाबून दाबून तापले, मग लागेचनात. गाडी भिंतीवर गेली. माझे दोन दात गेले. ब्रेक त्याच महिन्यात माझ्या भावाने बसवून दिले होते. त्याचं गॅरेज होतं, तुम्हाला ठाऊक नसेल. नानांनी सगळ्यांना सांगितलं, मेव्हण्याने ब्रेक कच्चे बसवले. त्याच्या गॅरेजला नंतर गिऱ्हाईक येईना."

गॅरेजच्या दाराशी कुठलीशी गाडी येऊन थांबली, मिस्त्रीने तिला हातानेच थांब म्हणून खुणावलं.

"तो परत आमच्याकडे आला नाही," सासूबाई म्हणाल्या. "शेचाळीस वर्षं झाली. तो गेला तेही मला तिसऱ्या दिवशी कळलं, दूधवाल्याकडून."

सुईवालीला त्यांची दया यायला हवी होती. ती आली नाही. आला तो राग, खूप वर्षांनी, अगदी ताजा. "तुम्ही शेजारी बसला होतात," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलं होतं. मग तेव्हाच का नाही बोललात, आई?"

"मला काय कळत होतं त्यातलं?" सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "ते म्हणाले, मोकळी सोडली. मला वाटलं, मोकळी म्हणजे बरंच असेल काहीतरी. मला ते आज कळलं, तू याला विचारलंस तेव्हा."

सुनेलाही आठ महिने तेच वाटत होतं.

सासूबाईंनी फोन मुलापुढे धरला. "सांग त्याला."

"काय सांगू?" मधला पुटपुटला. "ऐकलंय की त्याने सगळं."

"माझं ऐकलंय. तुझं सांग."

मधल्याने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा त्या काळ्या तेलाच्या बाटलीकडे. "दादा," तो म्हणाला, "असं आहे की, गाडी उतारावर मोकळी सोडली गेल्यामुळे सदर गिअरबॉक्स..."

"कोणी सोडली?" सासूबाईंनी विचारलं.

त्याचा हात डाव्या कानाकडे निघाला होता, तो अर्ध्यावरून खाली आला. बायको समोर उभी होती आणि तिने आज नजर दुसरीकडे वळवली नाही.

"मी," मधला म्हणाला. "मी सोडली. मामाचा काही दोष नाही."

मग थोरल्याने विचारलं, जेवणं झाली का सगळ्यांची.